दर पाऊण तासाला मध्यंतर

पुण्यात दरवर्षी थंडी पडली की जेवढ्या खिडक्या बंद होतात, त्यातल्या निम्म्या तरी माझ्या मावशीच्या यजमानांनी कधी ना कधी उघडलेल्या आहेत. यात अतिशयोक्ती असलीच तर ती दहावीस खिडक्यांची असेल. मंगल कार्यालयांच्या, बँकांच्या, दवाखान्यांच्या, क्लासच्या, धावत्या बसच्या, आणि ज्यांच्याशी आमची धड ओळखही नव्हती अशा लोकांच्या घरच्यासुद्धा. नव्या घरी गेल्यावर माणसं चपला कुठे काढायच्या ते विचारतात, फार तर घर छान आहे म्हणतात. काका सरळ भिंतीपाशी जाऊन "हिची कडी वर आहे का खाली?" असं विचारायचे. घरमालक गोंधळून उत्तर देईपर्यंत खिडकी उघडलेली असायची आणि काका हात झटकत म्हणायचे, "हं, आता बोला."

वडिलांची नोकरी बदलीची, म्हणून अकरावीला मला नारायण पेठेत मावशीकडे ठेवलं, आणि मग पुढची पाच वर्षं मी तिथेच राहिले. तिसऱ्या मजल्यावरची जागा. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची गॅलरी. माणसं तीन आणि खिडक्या सहा, आणि त्या सहाही बारा महिने उघड्या. पहिल्याच डिसेंबरात मी कुडकुडत एक खिडकी लोटून घेतली, तर काकांनी ती पुन्हा उघडली आणि माझ्या खांद्यावर एक मफलर टाकला. "थंडीला मफलर आहे," ते म्हणाले, "कोंदट हवेला मफलर नाही." घरात तसे अकरा मफलर होते आणि सगळे मावशीने विणलेले. मावशीची छाती नाजूक होती. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिला मोठा न्यूमोनिया झाला, महिनाभर ती इस्पितळात होती, आणि तेव्हापासून साधी सर्दी झाली तरी ती छातीत उतरायची आणि पंधरा-पंधरा दिवस हलायची नाही. जिना चढताना ती दुसऱ्या मजल्यावर थांबून शेजारणीशी बोलत उभी राहायची. मावशी फार गप्पिष्ट आहे असा माझा बरेच दिवस समज होता. खरं तर तिला दम लागलेला असायचा. सहा खिडक्या, अकरा मफलर आणि काकांचा सगळा विक्षिप्तपणा या एका छातीसाठी होता हे मला हळूहळू कळत गेलं. "हिला पुन्हा तसं होता कामा नये," एवढंच काका म्हणायचे, आणि विषय बदलायचे.

काका शहरातल्या एका जुन्या थिएटरात ऑपरेटर होते, म्हणजे यंत्रावर रीळ चढवून पडद्यावर सिनेमा दाखवणारा माणूस. बाल्कनीच्या मागे उंचावर एक छोटी खोली, तिच्यात दोन यंत्रं, आणि भिंतीत दोन-चार चौकोनी झरोके. एका झरोक्यातून प्रकाशाचा झोत बाहेर पडे, दुसऱ्यातून काका बघत. सारं थिएटर पडद्याकडे बघायचं आणि काका झोताकडे. "पडद्यावर काय गं, दिवसाला चार खेळ तेच ते," ते मला सांगायचे. "तिसऱ्या दिवसापासून मी पडदा सोडून झोत बघायचो. झोतात रोज काहीतरी नवीन." बाल्कनीतल्या लोकांच्या डोक्यावरून जाणाऱ्या त्या झोतात त्यांना सगळं शहर श्वास घेताना दिसे. विडीचा धूर, झटकलेल्या शालीतली धूळ, शेंगदाण्याची फोलपटं, आणि शिंका. शिंकांबद्दल काका जेवढं जाणत होते तेवढं इस्पितळातल्या डॉक्टरांनाही ठाऊक नसेल असं माझं अजून मत आहे. "मोठे थेंब असतात ना, ते पुढच्या रांगेतच पडतात. ते कोणालाही कळतं, कारण पुढचा माणूस मागे वळून बघतो. पण बारीक असतं ते पडत नाही. ते तरंगतं, पसरतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं. शिंकणारा माणूस उठून घरी गेला तरी त्याची शिंक तिकीट काढून बसलेली असते." मी कॉलेजात सायन्सला होते, तेव्हा मी अर्थातच शहाणपणा करून विचारलं की विषाणू डोळ्यांना कसा दिसेल? काका चिडले नाहीत. "विषाणू मला दिसायचा असं कोण म्हणतंय? तो ज्या गाडीत बसून जातो ती गाडी मला दिसायची."

मध्यंतर झालं की दारवान दोन्ही बाजूंची मोठी दारं उघडायचा. माणसं बाहेर जायची, वारा आत यायचा, आणि पुन्हा खेळ सुरू झाला की काकांना झोत धुऊन काढल्यासारखा स्वच्छ दिसायचा. या एका निरीक्षणावर त्यांनी आपलं सगळं तत्त्वज्ञान रचलं होतं. दहा माणसं एका खोलीत बसली की पाऊण तासाने मध्यंतर झालंच पाहिजे, मग ती माणसं कोणीही असोत आणि काहीही करत असोत. शेजारच्या घरी सत्यनारायण होता. खोली बारा बाय दहाची, माणसं तीस, त्यात पूजेचा धूर आणि कोपऱ्यात खोकणारे एक आजोबा. तिसरा अध्याय संपला आणि काका उठले. "मध्यंतर! दहा मिनिटं!" गुरुजी म्हणाले, "अहो, असं मधेच थांबवता येत नाही." काका दाराची कडी काढत म्हणाले, "आपण कुठे थांबवतोय? थांबलीये ती हवा. तिला जरा जाऊ दे." गुरुजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण तेवढ्यात मावशी त्यांच्यासाठी गरम चहा घेऊन आली, गुरुजींनी गॅलरीत उभं राहून तो घेतला, आणि पुढचे दोन अध्याय कधी नव्हे इतक्या खणखणीत आवाजात वाचले. दुसऱ्या वर्षी गुरुजींनी आल्या आल्याच विचारलं, "मध्यंतर दुसऱ्याला ठेवायचं का तिसऱ्याला?"

माझ्या लग्नात मात्र त्यांनी कहर केला. मंगल कार्यालय कोथरूडचं, महिना जानेवारी, आणि कार्यालयाच्या माणसाने वऱ्हाडाला थंडी वाजू नये म्हणून सगळं घट्ट लावून घेतलेलं. काका तासभर आधी येऊन बारा खिडक्या आणि मागचे दोन पंखे तपासून गेले होते. मंगलाष्टकं सुरू झाली, माणसं स्टेजपाशी दाटली, आणि चौथ्या मंगलाष्टकाला काकांनी मागे जाऊन बाराही खिडक्या उघडून दोन्ही पंखे एकदम सुरू केले. अंतरपाट माझ्या डोक्यावरून वर उडाला. मुहूर्ताला चांगली तीन मिनिटं शिल्लक असताना मला नवरा दिसला आणि नवऱ्याला मी दिसले, आणि दोघांनाही हसू आवरेना. सासूबाईंनी ही गोष्ट बरीच वर्षं मनात ठेवली. आमच्या अल्बममध्ये त्या क्षणाचा फोटो आहे. दोन्ही मामा उड्या मारून अंतरपाट पकडताहेत, अक्षता आडव्या उडताहेत, आणि मागे खिडकीपाशी पांढऱ्या बुशशर्टातले काका समाधानाने उभे आहेत. त्यांच्या शेजारी खुर्चीत, थेट वाऱ्यात, मफलर गुंडाळलेली मावशी. दोनशे माणसांच्या लग्नाला येऊनही तिला त्या वर्षी साधा खोकला झाला नाही, आणि काकांच्या मते त्या लग्नातली महत्त्वाची गोष्ट तीच होती.

पुढे थिएटर बंद पडलं. काका निवृत्त झाले आणि झोत गेला. एखाद्या गवयाचा आवाज जावा तसे ते काही महिने हरवल्यासारखे वागत होते. मग त्यांनी उदबत्ती शोधून काढली. घरात देवाला उदबत्ती लावायचं काम मावशीचं, काकांचा देवाधर्माशी संबंध प्रसादापुरता. पण आता त्यांच्या बुशशर्टाच्या खिशात उदबत्तीचा पुडा आणि काडेपेटी कायमची मुक्कामाला आली. कुठेही गेलं की एक उदबत्ती पेटवायची, खोलीच्या मध्यभागी धरायची आणि धूर कुठे जातो ते बघत राहायचं. आम्ही घर शोधत होतो तेव्हा वाघोलीला एक नवी इमारत बघायला ते माझ्याबरोबर आले. सेल्समधली मुलगी उत्साहाने सगळं दाखवत होती. काकांनी हॉलच्या मधोमध उदबत्ती पेटवली. मुलीला वाटलं, काका वास्तूची पूजा करताहेत. तिने चटकन सँडल काढून हात जोडले आणि म्हणाली, "सो स्वीट काका! बुकिंग आजच करूया ना मग?" काका धुराकडे बघत होते. धूर सरळ वर गेला, छताला लागला आणि तिथेच बसला. "फ्लॅट उत्तम आहे," काका म्हणाले, "पण यात एखादा पाहुणा शिंकला तर पाहुणा जाईल, शिंक राहील." शेवटी आम्ही कोथरूडला घेतलं, ते केवळ तिथल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून धूर पळत बाहेर गेला म्हणून. नवऱ्याचं ऑफिस तिथून लांब पडतं. तो अजूनही उदबत्ती बघितली की उसासा टाकतो.

बसमध्ये काका नेहमी खिडकीशी बसत आणि काच मागे सारत. मागच्या सीटवरून "काका, गारठा लागतोय हो" असा आवाज आला की पिशवीतून एक मफलर मागे जाई. तो परत मिळेल अशी अपेक्षा नसे. मावशी वर्षभर विणत असे आणि काका वर्षभर वाटत असत. शहरात कुठेही ओळखीच्या लोकरीचा मफलर दिसला की आम्ही म्हणायचो, हा काकांच्या बसमधला. खोकल्याचा आवाज आला की ते रस्त्यात, देवळात, रेशनच्या रांगेत कुठेही असोत, "कोपर! कोपर!" असं ओरडायचे. तळहातावर खोकून त्याच हाताने दाराची कडी धरणाऱ्या माणसावर त्यांचा विशेष राग. इमारतीतल्या पोरांनी त्यांना 'कोपरकाका' नाव ठेवलं होतं. पण ती पोरं मोठी झाल्यावर पुढे मला भेटली, तर सगळी न चुकता कोपरात खोकतात. दरवर्षी फ्लूची लस टोचून घ्यायला काका मावशीला घेऊन जात, तेही इस्त्रीचे कपडे घालून, एखाद्या समारंभाला जावं तसे. येताना दोघं एकेक ग्लास उसाचा रस पिऊन येत, बर्फाशिवाय.

आजारी माणसाच्या समाचाराला गर्दीने जायची आपल्याकडे पद्धत आहे, तिच्याशी काकांचं उभं वैर होतं. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ फ्लूने पडले होते. त्यांच्याकडे चार दिवसांत अख्खी पेठ लोटली असती, पण काका त्यांच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. आलेल्याची मोसंबी टोपलीत ठेवून घ्यायची आणि सांगायचं, "प्रकृती बरी आहे. आपली आठवण काढली. पुढच्या आठवड्यात या." आलेली माणसं चिडत, कुरकुरत, पण निघून जात. आत पडलेल्या गृहस्थांना बिचाऱ्यांना इतकी शांतता आयुष्यात मिळाली नव्हती. हाच नियम काका स्वतःला लावत. त्यांना सर्दी झाली की ते गॅलरीला लागून असलेल्या खोलीत स्वतःला कोंडून घेत, तोंडाला चार घड्यांचा रुमाल बांधत, आणि मावशीला दाराच्या आत पाऊल ठेवू देत नसत. थिएटरात सिनेमाआधी काचेवर लिहिलेल्या सूचना पडद्यावर दाखवत, त्या लिहिण्यात काकांचा हात बसलेला होता. त्याच वळणदार अक्षरात ते दारावर पाटी लावत: 'सर्दीमुळे आजचे सर्व खेळ रद्द. प्रेक्षकांनी सहकार्य करावे.' मावशी ताट दाराबाहेर ठेवून म्हणायची, "अहो, हाऊसफुल्ल आहे हो बाहेर. बरे व्हा लवकर." मग दोघं बंद दाराच्या दोन्ही बाजूंना बसून जेवत आणि तासन्‌तास बोलत. त्या पाच वर्षांत माझ्या कानावर आलेली सगळ्यात गोड बोलणी मला वाटतं त्या दारातून आलेली आहेत.

मग ती मोठी साथ आली आणि काकांचे दिवस फिरले. इतकी वर्षं ज्याला वेडा म्हणत होते त्याच्याकडे लोक जिन्यात अंतर ठेवून सल्ला विचारायला येऊ लागले. सगळी इमारत तेव्हा दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होती आणि कोथिंबीर सोड्यात बुडवत होती. काका म्हणाले, "हात धुवा, चांगलंच आहे. माणसाला दिवसभर नाकडोळे चोळायची सवय असते. पण पिशवी खोकत नाही, माणूस खोकतो. पिशवी धुऊन झाली असेल तर जरा खिडकी उघडा." मास्क नाकाखाली ओढून बोलणाऱ्या इमारतीच्या सेक्रेटरींना त्यांनी विचारलं, "नाक घरी ठेवून आलात का?" आणि ताप नसला, खोकला नसला तरी माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो, हे ज्यांना पटत नव्हतं त्यांना ते सांगायचे की, अहो, थिएटरात प्रत्येकजण काही खोकत नसतो, पण श्वास तर प्रत्येकजण सोडतो ना?

एवढं करूनही त्या वर्षी मावशीला ताप आला. मी कोथरूडला अडकलेली, पुलापलीकडे जायची सोय नाही. डॉक्टर फोनवर औषधं सांगत होते, बोटाला लावायचं यंत्र आकडे दाखवत होतं, आणि काका मावशीच्या खोलीबाहेर स्टूल टाकून मास्क लावून बसले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला फोन केला. काका फोनवर चार वाक्यांच्या वर कधी बोलत नसत. त्या दिवशी अर्धा तास बोलले.

"तुला एक सांगायचंय," ते म्हणाले. "हिचा तो पहिला न्यूमोनिया माझ्यामुळे झाला."

मी काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनी मला गप्प केलं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षीची गोष्ट. एक सिनेमा फार जोरात चालला होता. महिनाभर खटपट करून काकांनी मावशीसाठी रविवारच्या खेळाचा पास मिळवला होता, बाल्कनीत चौथ्या रांगेत. थिएटर भरलेलं. मध्यंतरानंतर मावशीच्या रांगेतून कोणीतरी खोकायला लागलं. झरोक्यातून काकांना झोतात तो खोकला दिसला. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. वर यायचा, चमकायचा आणि मावशीच्या डोक्यावर पसरायचा. "मला खाली जाऊन तिला उठवायचं होतं. मागे दाराशी एक स्टूल होतं, तिथे बसवायचं. दोन मिनिटांचं काम. पण रीळ संपत आलं होतं आणि जोडीचा ऑपरेटर रजेवर होता. दुसरं यंत्र वेळेवर सुरू झालं नसतं तर पडदा पांढरा पडला असता. हजार माणसांनी शिट्ट्या मारल्या असत्या. त्या शिट्ट्यांना मी भ्यायलो गं. रीळ बदललं. मंगळवारी हिला ताप भरला. इतरांना दिसत नाही, त्यांचं सोड. मला दिसत होतं."

त्यांच्या खिडक्यांना आम्ही इतकी वर्षं हसलो होतो. त्या दिवशी मात्र फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. नवव्या दिवशी मावशीचा ताप उतरला. छातीत फारसं काही उतरलं नव्हतं. तिने अंथरुणातून सुया मागवल्या आणि आणखी एक मफलर सुरू केला.

काका या नोव्हेंबरात गेले. छातीचा, तापाचा, साथीचा काही संबंध नाही. जेवण झाल्यावर गॅलरीतल्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसले होते, ते तसेच. पाचव्या दिवशी मी मावशीकडे बसले होते. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागलेली. बाहेर गारठा होता आणि कोणा नातलगांनी आल्या आल्या "मावशींना वारं लागेल" म्हणून सहाही खिडक्या लावून घेतल्या होत्या. त्या जागेत मी आयुष्यात पहिल्यांदा खिडक्या बंद बघत होते. खोलीत वीस-पंचवीस माणसं, हलक्या आवाजात बोलणं, आणि मावशीच्या अगदी शेजारी एक लांबच्या वहिनी नाक पुसत म्हणत होत्या, "मला सर्दी आहे जराशी, पण म्हटलं अशा वेळी यायलाच हवं." मी उठणार तेवढ्यात मावशीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. गुडघ्यावर हात टेकून ती उभी राहिली, पदर खोचला, आणि आयुष्यात कधी चढवला नव्हता असा आवाज चढवून म्हणाली, "मध्यंतर. दहा मिनिटं."

कोपऱ्यातून कोणाला तरी हसू फुटलं, त्याची लागण सगळ्यांना झाली, आणि हसता हसता सगळ्यांचे डोळे भरले. मावशीने स्वतः एकेक कडी काढली. वहिनींच्या गळ्यात एक मफलर घालून तिने त्यांना दाराजवळच्या खुर्चीत नेऊन बसवलं. मग ती मला घेऊन गॅलरीत आली.

"तुला त्यांनी ती सिनेमाची गोष्ट सांगितली होती ना?" तिने विचारलं. मी मान हलवली. मावशी काकांच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. "तो खोकणारा दुसरा कोणी नव्हता गं. मीच होते ती. त्या दिवशी सकाळपासूनच मला कणकण होती. पण पास त्यांनी इतक्या खटपटीने आणला होता, कसं सांगायचं? तापाची गोळी घेतली आणि जाऊन बसले. सोमवारही तसाच अंगावर काढला. मंगळवारी उठवेना तेव्हा बोलले. ते म्हणाले तुला थिएटरात लागण झाली, आणि मी बरं म्हटलं. तेव्हा रागावतील म्हणून नाही सांगितलं. नंतर त्यांनी त्या एका गोष्टीसाठी इतकं काही मांडून ठेवलं की सांगायची हिंमतच होईना."

"शेवटपर्यंत नाहीच सांगितलंस?"

"सांगितलं. या संक्रांतीला. म्हटलं, आता दोघांपैकी कोणीतरी आधी जाणार, हे मनात घेऊन नको. इथेच बसले होते. सगळं सांगितलं, म्हटलं, इतकी वर्षं तुम्ही उगाच स्वतःला दोष दिलात. मला वाटलं आता काय बोलतात. तर म्हणाले," आणि इथे मावशीला हसू आलं, "म्हणाले, 'मग पदर तरी धरायचा होतास तोंडाला. पुढच्या रांगेत माणसं होती.'"

आम्ही दोघी इतक्या हसलो की आतून कोणीतरी डोकावून गेलं.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय? दुसऱ्या दिवशी उठले आणि सहाच्या सहा खिडक्या उघडल्या. रोजच्यासारख्या." बोलता बोलता मावशीला ढास लागली. तिने मान वळवून तोंड कोपरात घेतलं. गॅलरीसमोर फक्त रस्ता होता, पुढे कोणीच नव्हतं. खोकला थांबला, तरी बराच वेळ तिने हात काढला नाही.